जेवणाच्या टेबलावरची परदेशी कंपनी

एक काम करा. आपल्या घरातलं जेवणाचं टेबल डोळ्यांपुढे आणा. टेबल नसेल तर सतरंजी चालेल. त्यावरची पोह्यांची बशी जरा बाजूला सारा, लिंबाची फोड उचला आणि तिथे एक लॅपटॉप ठेवा. आता समजा, त्या लॅपटॉपवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमचे बाबा एक कंपनी चालवतात. पण कोणी विचारलं, "कंपनी कुठे आहे हो तुमची?" तर ते म्हणतात, "इथे नाही. इथून तीन हजार किलोमीटरवर, उत्तरेला, बर्फात."

"आणि चालवतं कोण?"

"आमचे वडील. ते मिरजेत असतात."

आलं डोळ्यांपुढे? आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसवा. तो मिरजेत नाही. तो समोर बसून पोहे खातोय. तो मी.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. माझा मुलगा निरंजन तेव्हा स्पेनमध्ये, अलिकांते नावाच्या समुद्रकाठच्या शहरात राहत होता. बायको केतकी तिथल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला, आणि मुलगी जुई दहा वर्षांची, तिथल्याच सरकारी शाळेत. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो होतो आणि तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांच्याकडे गेलो होतो.

पोहे खाताना जुईने आपला डावा हात माझ्यापुढे केला. चाकाच्या बुटांवरून पडली होती, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर.

"आजोबा, यावर सही करा ना. वर्गातल्या सगळ्यांनी केलीय. ही जागा तुमच्यासाठी ठेवलीय."

मी पेन घेतलं आणि ऐटीत सही ठोकली. मु. वि. निमकर.

"वर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"मला कुठे स्पॅनिश येतं?"

"वर लिहिलंय, 'खाली सही करणारा माणूस मला रोज दोन आइस्क्रीम देईल.'"

निरंजन इतका हसला की त्याला ठसका लागला. "अण्णा," तो पाणी पिऊन म्हणाला, "तुमची ही सवय फार चांगली आहे हं. बदलू नका."

मला वाटलं, तो गंमत करतोय.

आता ती कंपनी. एस्टोनिया नावाचा एक छोटा देश युरोपच्या उत्तरेला आहे. तिथे पाऊल न ठेवता, घरबसल्या कंपनी काढता येते, आणि नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर तिथे कर लागत नाही. निरंजनने तिथे कंपनी काढली. मग कोणीतरी त्याला सांगितलं की बाबा रे, तू राहतोस स्पेनमध्ये. कंपनी कुठेही जन्मलेली असो, तिचा कारभार स्पेनमधून चालत असेल तर स्पेन तिला आपलीच मानतं आणि कर मागतं. यावर शहाण्या माणसाने कर भरला असता. निरंजन हुशार होता. त्याने मला संचालक केलं.

दर तीन महिन्यांनी मिरजेत माझ्याकडे कागद यायचा. 'मिरज येथे भरलेल्या बैठकीत संचालकांनी असे ठरवले की...' त्या बैठकीला मी आणि माझं मांजर हजर असायचो. ठराव वाचला की मला कळायचं, मी काय ठरवलं ते. पुढे पुढे वाचणंही सोडलं. सही करून फोटो पाठवायचा, की निरंजनचा निरोप यायचा, 'थँक्यू अण्णा.'

खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. त्याने मला व्हिजिटिंग कार्डं छापून पाठवली होती. मिरजेच्या बागेत संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांत मी ती वाटली होती. कुलकर्णी मास्तर हेडमास्तर होऊन निवृत्त झाले होते आणि तो हेडमास्तरपणा त्यांनी मला वीस वर्षं ऐकवला होता. त्यांना मी दोन कार्डं दिली.

तर त्या बुधवारी, पोह्यांच्या वेळी, बँकेचं पत्र आलं. बँकेला लेखी हवं होतं, कंपनीचा कारभार नक्की कुठून चालतो? संचालकाच्या सहीने कळवा. शुक्रवारपर्यंत.

"नेहमीचंच आहे," निरंजन म्हणाला. "अण्णा इथेच आहेत, एका सहीचं काम."

केतकी ओट्यापाशी डबा भरत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "मार्ताला विचारलंस?"

मार्ता म्हणजे त्यांची कर सल्लागार.

"विचारलं. ती म्हणते, तिला अण्णांना भेटायचंय. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती कागद पुढे पाठवणार नाही. उगाच बाऊ करते."

"बाऊ नाही करत. मागेही तिने सांगितलं होतं, फ्रिजवर चिकटवलेलं ते कॅलेंडर काढा."

फ्रिजवर एक कॅलेंडर होतं. निरंजन स्पेनबाहेर असे त्या दिवसांना त्यावर लाल गोल. वर्षाचे एकशे त्र्याऐंशीहून जास्त दिवस स्पेनमध्ये राहिलं की माणूस करासाठी स्पेनचा होतो, म्हणून हा लाल गोलांचा उद्योग. कधी मित्राकडे पोर्तुगालला, कधी उगाच फ्रान्सला.

"मी इथे राहतच नाही," निरंजन म्हणाला. "कागदोपत्री बघ."

"बायको इथे, पोरगी इथे, शाळा इथे. मार्ता म्हणते, तेवढ्यावरूनच धरून चालतात की तूही इथलाच. आणि दर गुरुवारी कचरा टाकायची पाळी असते तेव्हा तू बरा पोर्तुगालला असतोस."

"जुईचा हात मोडला तेव्हा इथेच होतो!"

"हो ना. दवाखान्यातून बाहेर येऊन तूच म्हणालास, एक पैसा लागला नाही, देश असावा तर असा."

निरंजनने पत्राची घडी केली. "ज्यांना हिशेब कळत नाही ते कर भरतात," तो म्हणाला. हे त्याचं आवडतं वाक्य होतं. मग तो मला मऊ आवाजात म्हणाला, "अण्णा, चार वाक्यं पाठ करायची. बास. जुई तुमच्याकडून करून घेईल. मी प्रश्नोत्तरांची कार्डं करून देतो."

म्हणजे असं ठरलं, की छत्तीस वर्षं मी पोरांची परीक्षा घेतली, आता पोर माझी तयारी करून घेणार.

गुरुवारी सकाळी मात्र अजून मीच मास्तर होतो. रोज नाश्त्यानंतर मी जुईला मराठी शिकवायचो. तिने धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं लिहून आणली होती. पाचही बरोबर. पाचही उत्तरं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेली होती, जशीच्या तशी.

"जुई, तिसऱ्या उत्तराचा अर्थ काय?"

ती टेबलाकडे बघत राहिली.

मी कधी पोरांवर ओरडलो नाही. मी तिला ते सांगितलं, जे मिरजेत प्रत्येक वर्गाला सांगायचो. "येत नसेल तर जागा कोरी सोडायची. कोऱ्या जागेला शून्य मिळतं, पण ते आपलं स्वतःचं शून्य असतं. आणि कोरी जागा दिसली की मास्तरला कळतं, इथे शिकवायचं राहिलंय. भरलेली दिसली की तो पुढे जातो."

तिने खोडरबर घेतलं आणि प्लास्टरच्या हाताने वही दाबून धरून तिसरं उत्तर खोडलं. मग चौथंही.

दुपारी तिने माझी कार्डं काढली.

"प्रश्न पहिला. तुमची कंपनी काय करते?"

"हॉटेलातल्या चादरी बदलते."

"आजोबा! चादरी कधी बदलायच्या ते हॉटेलवाल्यांना सांगते. म्हणजे तसा प्रोग्रॅम विकते."

"तेच ते."

"तेच नाही. प्रश्न दुसरा. माणसं किती?"

"तीन. एक लिस्बनला, दोन पुण्याला."

"नावं?"

"ते कार्डावर आहे का?"

"नाही."

"मग नाही येत."

"प्रश्न तिसरा. निर्णय कोण घेतं?"

"सर्व महत्त्वाचे निर्णय मी मिरजेतून घेतो."

हे वाक्य मला सुरेख येत होतं. जुईने बरोबरची खूण केली. मग कार्डं हातात तशीच धरून म्हणाली, "आजोबा, ही म्हणजे शेवटच्या पानावरची उत्तरं ना?"

"ही मोठ्यांची परीक्षा आहे," मी म्हणालो. यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात कुठल्याही मुलाला दिलं नव्हतं.

कार्डं ठेवायला तिने निरंजनची फाइल उघडली आणि त्यातला एक कागद ओढून वाचू लागली. तिला दिसेल ते वाचायची सवय होती. "हे तुमचंच आहे. बाबाने व्हिसासाठी इथल्या पोलिसांना दिलेलं. तुम्हाला इथे बोलवायचं पत्र. 'माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना कोणताही उद्योगधंदा नाही. त्यांचा सर्व खर्च मी करतो.'" तिने वर पाहिलं. "खाली बाबाची सही आहे."

व्हिसासाठी मी निकामी म्हातारा होतो. बँकेसाठी युरोपातल्या कंपनीचा संचालक. दोन्ही कागदांवर एकाच मुलाचा हात, आणि दोन्ही कागद एकाच सरकारच्या राज्यात.

संध्याकाळी मी निरंजनला तो कागद दाखवला. त्याने क्षणभर पाहिलं. "ते पोलिसांसाठी होतं, अण्णा. हे बँकेसाठी. ती खाती वेगळी असतात. एकमेकांशी बोलत नाहीत."

"बोलली तर?"

"अण्णा, सही झाली नाही तर मागच्या सगळ्या वर्षांचा कर भरावा लागेल. समुद्राकडचं नवीन घर गेलंच म्हणून समजा. जुईसाठी वेगळी खोली होती त्यात." त्याने तो कागद फाइलमध्ये सरकवला. "मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

खरंच नव्हतं मागितलं. लहानपणी सायकलसुद्धा नाही. म्हणून मी म्हणालो, "बरं."

शुक्रवारी आम्ही तिघं मार्ताकडे निघालो. केतकी कामावर गेली होती, शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून जुई बरोबर. त्या शहरात जूनमध्ये चौकाचौकांत कागदाच्या लगद्याचे भले मोठे पुतळे उभारतात. लबाड, ढोंगी, फुगलेल्या लोकांची टिंगल करणारे. उत्सव संपला की जाळून टाकतात. आमच्या चौकात एक जाडा माणूस कपाटात लपला होता. पोट बाहेर, पाय बाहेर, आणि गळ्यात पाटी.

"काय लिहिलंय गं?" मी विचारलं.

"'मी घरी नाही,'" जुईने वाचलं.

निरंजनला तो पुतळा फार आवडला. त्याने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

मार्ताचं ऑफिस एका बेकरीच्या वर होतं. बाई साठीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, जुईला पावाचा गोड तुकडा दिला आणि निरंजनला दार दाखवलं. त्या काय म्हणाल्या ते जुईने मला मराठीत सांगितलं. "म्हणतायत, बाबा, तू बाहेर बस. दोन वर्षं त्या संचालकांना प्रश्न विचारतात आणि उत्तरं तूच देतोस."

"अण्णांना स्पॅनिश येत नाही," निरंजन म्हणाला. हे तो मराठीतच म्हणाला, इतका गडबडला होता.

मार्ताबाईंना अर्थ कळला असावा. त्यांनी जुईकडे बोट दाखवलं.

निरंजन जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

बाईंनी माझ्यापुढे दोन कागद शेजारी शेजारी मांडले आणि सावकाश बोलू लागल्या. जुई तोंडातला घास गिळत सांगत होती. "हा डावीकडचा म्हणजे कंपनी मिरजेतून चालते. यावर तुमची सही. मग उद्या तुमच्या देशाने विचारलं, 'आमच्याकडून चालते तर आम्हाला का नाही सांगितलं,' तर तेही तुम्हालाच विचारणार. उजवीकडचा म्हणजे इथून चालते. मग याच आठवड्यात आपण होऊन कर खात्याकडे जायचं. मागचा कर भरायचा, आणि उशीर झाला म्हणून थोडा जास्त. अजून त्यांचं पत्र आलं नाही, म्हणून थोड्यावर भागेल. पत्र आल्यावर दंड लागतो, तो मोठा. आणि..." ती थांबली, बाईंना काहीतरी विचारलं, मग म्हणाली, "आणि डावीकडच्या कागदावरची सही खोटी ठरली तर पहिल्यांदा सही करणाऱ्याला बोलावतात. म्हणजे तुम्हाला, आजोबा."

"त्यांना सांग, मला समजलं."

मग प्रश्न सुरू झाले. कंपनी काय करते? मी चादरींचं बरोबर सांगितलं. माणसं किती? तीन. जुई झरझर स्पॅनिशमध्ये सांगत होती. मला जरा हुरूप आला. हेडमास्तर कुलकर्ण्यांनी हे बघायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

मार्ताबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कार्डांवर नसलेला प्रश्न विचारला.

"गेल्या महिन्यात बेनिदोर्मच्या एका हॉटेलाशी तीन वर्षांचा करार झाला," जुईने सांगितलं. "तो करावा की करू नये, हे तुम्ही कसं ठरवलंत?"

बेनिदोर्म हे शेजारचंच गाव. करार झाला त्या दुपारी मी घरात होतो. निरंजन फोनवर ओरडून ओरडून भाव ठरवत होता आणि मी शेंगा सोलत होतो. त्यात मी ठरवलं ते एवढंच, की शेंगा कोवळ्या आहेत.

मी दाराकडे पाहिलं. दाराच्या काचेतून निरंजनची पाठ दिसत होती. लहानपणी शाळेबाहेर माझी वाट बघत उभा राहायचा, तशीच पाठ, एका पायावर भार देऊन.

"सर्व महत्त्वाचे निर्णय मी मिरजेतून घेतो," मी म्हणालो.

जुई काही बोलली नाही.

मार्ताबाई तिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, तिला ऐकू गेलं नसेल. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात मी परत म्हणालो, "सर्व महत्त्वाचे निर्णय मी मिरजेतून घेतो. सांग त्यांना."

"नाही."

"अगं, तूच पाठ करून घेतलंस ना हे?"

"पाठ आहे." तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, एक धड आणि एक प्लास्टरचा. "पण ही जागा मी कोरी सोडलीय."

मार्ताबाईंनी काहीतरी विचारलं. बहुतेक, 'काय म्हणाले?' असं. जुईने त्यांनाही उत्तर दिलं नाही. खाली बेकरीत कोणीतरी पत्र्याचे साचे आपटत होतं. ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. मास्तर आता काय शिकवतो याची वाट पाहणारं पोर जसं बघतं, तशी.

छत्तीस वर्षांत मला कोणी वर्गात असं पकडलं नव्हतं.

"जुई," मी म्हणालो, "आता सांगतो ते सांग. मी निवृत्त शिक्षक आहे. कंपनीतल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत. मी एस्टोनिया नकाशात दाखवू शकतो, तेवढाच माझा तिच्याशी संबंध. कंपनी माझा मुलगा चालवतो. इथून. जेवणाच्या टेबलावरून."

तिने सांगितलं. मी पाच-सहा वाक्यं बोललो होतो, तिची पंधरा झाली. मधे मधे मला फ्रिज, पोर्तुगाल आणि मिरज ऐकू आलं. आणि एकदा तिने म्याव केलं, म्हणजे मांजरही आलं. मार्ताबाई हसू दाबायला खिडकीकडे वळल्या. मग त्यांनी दार उघडून निरंजनला आत घेतलं आणि डावीकडचा कागद त्याच्या डोळ्यांदेखत मधोमध फाडला.

"अण्णा!" निरंजनने कागदाचे तुकडे उचलले. "काय केलंत तुम्ही?"

"संचालक म्हणून पहिला निर्णय घेतला," मी म्हणालो. "आणि तोही स्पेनमध्ये."

तो खुर्चीत बसला. घर, खोली, समुद्र, असं काहीतरी पुटपुटत होता. मला त्याची दया आली. त्याला हिशेब येत होता. बाकीचं शिकवायचं राहून गेलं होतं, आणि ते शिकवणं माझं काम होतं. पण त्याच्या सगळ्या जागा भरलेल्या दिसायच्या, म्हणून मी पुढे गेलो होतो.

मार्ताबाईंनी उजवीकडचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि तळाच्या रेघेवर बोट ठेवलं. मला हायसं वाटलं. सुटलो एकदाचा. मी पेनाचं टोपण काढलं, हात सवयीने रेघेकडे गेला, आणि मु लिहायला टोक टेकवणार, तेवढ्यात कागदावर धप्पकन प्लास्टर पडलं.

माझीच सही माझ्या डोळ्यांसमोर होती. वर दोन आइस्क्रीम, खाली मु. वि. निमकर.

"आजोबा," जुई म्हणाली, "आधी वाचा."

"मला कुठे स्पॅनिश येतं?"

तिने खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला चिकटवली. प्लास्टर तसंच सहीच्या रेघेवर ठेवलं, दुसऱ्या हाताचं बोट पहिल्या ओळीतल्या पहिल्या शब्दाखाली धरलं, आणि पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं, एकेक शब्द आधी स्पॅनिशमध्ये आणि मग मराठीत, मोठ्याने वाचायला लागली.